रागावते, पण सांगते

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा तो वर होता, ती खाली होती, आणि दोघांच्या मधे हिरव्या रंगाचा एक थेंब होता.

थेंबाला घाई होती. तो सुटला आणि थेट तिच्या पांढऱ्या ओढणीवर येऊन बसला.

“अहो!” ती वर बघून ओरडली.

शिडीच्या टोकाला एक माणूस उभा होता. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा, कानामागे खडू. आता हा ‘माफ करा’ म्हणेल, निदान जीभ तरी चावेल, म्हणून ती थांबली. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला,

“हलू नका. अजून एक येतोय.”

आणि आला की दुसरा!

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. बाहेर बारीक पाऊस, आत भिजलेल्या छत्र्यांचे ओघळ. हॉस्पिटलच्या त्या मोठ्या दर्शनी हॉलमध्ये माणसं नुसती इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत होती. तिचा नोकरीचा पहिला दिवस होता, आणि ओढणीवर दोन हिरवे डोळे वटारून बसले होते.

“तुम्हाला माफी मागता येत नाही का हो?”

“येते ना. आधी बाण पुरा करतो. अर्धा बाण वाळला तर जोड दिसतो.”

तिने बाणाकडे पाहिलं. बाण देखणा होता, यात वाद नाही. भिंतीवर खडूचा दोरा ताणून, टिचकी मारून आधी रेघ उमटवलेली, आणि त्या रेघेवर बाण असा बसवलेला की सुई सरळ करायची असेल तर याच्याशेजारी ठेवून बघावी. वर टपोरं लिहिलेलं : एक्स-रे. बाणाचं तोंड डावीकडे.

ती पाचच मिनिटांपूर्वी डावीकडून आली होती.

“एक्स-रे डावीकडे नाहीये,” ती म्हणाली.

“कागदावर आहे.”

“कागदावर असेल. डावीकडे झाडूंची खोली आहे.”

“असेल.”

“मग?”

“कागदावर झाडू नाहीत,” तो म्हणाला, आणि बाणाचं टोक पुरं केलं. मग सावकाश खाली उतरला, रुमाल टर्पेंटाइनमध्ये बुडवून तिच्यापुढे धरला आणि हसला. “आता माफी. हळू पुसा, चोळू नका.”

तिने चोळलं. दोन थेंबांचा एक डाग झाला, तळहाताएवढा. तो आजही त्या ओढणीवर आहे.

*

घरी तिला सगळे बिब्बा म्हणत. लहानपणी ‘चिडका बिब्बा’ म्हणायचे. पुढे एवढं लांबलचक बोलायला कुणाला वेळ नव्हता, आणि चिडका हे वेगळं सांगायची गरजही उरली नव्हती.

हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवरची ही बिब्बाची आठवी नोकरी. आधीच्या सातांच्या कथा ताई पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवायची. बसकंपनीच्या खिडकीवर असताना बिब्बाने एका प्रवाशाला सांगितलं, “या गाडीने जाऊ नका, समोरच्या कंपनीची गाडी तासभर आधी पोचते.” बँकेत तिने नऊ रकान्यांच्या फॉर्मवरचे सहा रकाने पेनाने खोडून दिले, कारण ते कुणी वाचतच नाही हे तिने आठवडाभर बघितलं होतं. आणि कपड्यांच्या दुकानात एका बाईंनी आरशासमोर गिरकी घेऊन विचारलं, “कसं दिसतंय?” तर हिने सांगितलं! ती नोकरी अकरा मिनिटं टिकली. ताई नऊ म्हणते, पण ताईला गोष्ट रंगवता येत नाही.

“तुला नेमकं हवंय तरी काय?” ताई विचारायची.

“मला असं काम हवंय की ज्यात काही अर्थ आहे.”

“कामात अर्थ असता तर त्याला कुणी काम म्हटलं असतं का?” आई आतून म्हणायची.

शेवटी ताईने तिला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. बाईंचा आवाज इतका मऊ होता की तो ऐकायला पुढे सरकत सरकत बिब्बा खुर्चीवरून पडणारच होती. “आधी स्वतःला ओळखा,” बाई म्हणाल्या. “अंतर्मनात डोकावून बघा. काय दिसतं?”

बिब्बाने डोळे मिटले, डोकावून पाहिलं. “रांग दिसते,” ती म्हणाली. “आणि पुढचा माणूस सुट्टे शोधतोय.”

बाईंनी मग तिला एक वही दिली. प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे ‘वैताग’, उजवीकडे ‘आनंद’. रोज जे वाटेल ते लिहायचं. तीन महिन्यांनी वही स्वतःच सांगेल तुम्ही कोण ते.

याच तीन महिन्यांवर घरात तह झाला. ही नोकरी तीन महिने टिकली तर ठीक. नाही टिकली तर बिब्बाने भाऊजींच्या गाद्यांच्या दुकानात गल्ल्यामागे बसायचं, आणि ‘अर्थ’ हा शब्द घरात पुन्हा काढायचा नाही. भाऊजी माणूस साधा. पण ते बोलायला लागले की गिऱ्हाईक समोरच्या गादीवर आडवं व्हायचं आणि घोरायला लागायचं. निम्मी विक्री अशीच व्हायची. उठल्यावर न घेता जायची लाज वाटे लोकांना.

बिब्बाला गाद्यांचं भय नव्हतं. तिला वेगळंच भय होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आठवडा झाला तरी वहीचा उजवा रकाना कोरा होता. अगदी कोरा! आणि डावा भरभरून वाहत होता. वही तीन महिन्यांनी सांगणार म्हणे मी कोण ते… आणि तिने सांगितलं की तू म्हणजे नुसती चिडचिड, बाकी आत काही नाही… तर?

*

चौकशीची खिडकी हॉलच्या कोपऱ्यात होती. सकाळी नऊ वाजता फळी वर जायची आणि प्रश्न सुरू व्हायचा. ‘प्रश्न’ म्हणजे एकच. माणसं बदलायची, प्रश्न तोच.

“एक्स-रे कुठंय हो?”

“पाटीवर काय लिहिलंय?”

“डावीकडे.”

“मग तुम्ही डावीकडे जाऊन आलात ना?”

“हो. तिथे झाडू आहेत.”

गोष्ट अशी होती की, इमारत बांधली तेव्हाचा एक नकाशा अधीक्षकसाहेबांच्या कपाटात होता. त्यानंतर विभाग तीनदा हलले. एक्स-रे हलला, रक्ततपासणी हलली, बाळंतिणींचा वॉर्ड तर जिना उतरून खाली आला. पाट्या मात्र जागच्या जागी. आता विश्वस्त मंडळ पाहणीला येणार म्हणून साहेबांनी सगळ्या पाट्या नव्याने रंगवायला काढल्या होत्या. मजकूर जुनाच, नकाशाप्रमाणे. लोक इतके हरवायचे की सांगू नये. एक गृहस्थ मोडलेला हात घेऊन एक्स-रे शोधायला निघाले, ते सापडेपर्यंत हाड आपलं आपण जुळून गेलं, असं लिफ्टवाला छातीवर हात ठेवून सांगायचा.

आणि या सगळ्या खोट्या पाट्या, एकाहून एक सुंदर, रंगवत होता तो शिडीवरचा माणूस. सगळे त्याला पाटीवाला म्हणत. गावात त्याची ख्याती होती ती एकाच गोष्टीसाठी. कागदावर जे असेल ते, तसंच्या तसं. एकदा एका दुकानदाराने दिलेल्या चिठ्ठीवर चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता. पाटीवाल्याने दुकानाच्या पाटीवर तो डागही रंगवला. तपकिरी, एका बाजूला किंचित फिका, हुबेहूब. दुकानदार आधी भांडला, मग ‘गोल डागाचं दुकान’ म्हणून चौकात प्रसिद्ध झाला आणि गप्प बसला.

“तुम्हाला काहीच वाटत नाही?” बिब्बा खिडकीतून मान बाहेर काढून विचारायची. “एवढी छान अक्षरं, आणि सगळी खोटी!”

“अक्षरं खोटी नसतात. मजकूर खोटा असतो. मजकूर साहेबांचा.”

“आणि त्रास माझा!”

“रंगाचा वास येतोय का? खिडकी लावू?”

“विषय बदलू नका!”

“बरं. मग उघडी ठेवतो.”

असा माणूस! हवा दमट होती, रंग वाळायला वेळ लागायचा. मग तो पाटीखाली स्टूल घेऊन बसून राहायचा आणि अर्धी शिट्टी वाजवायचा. अर्धी म्हणजे चाल मध्यावर आली की थांबायचा. पुढची चाल दिवसभर बिब्बाच्या डोक्यात वाट बघत बसायची. ती तरातरा वही उघडायची आणि डाव्या रकान्यात लिहायची. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं, म्हणून ‘शि.’ लिहायची. शि. म्हणजे शिडी.

त्याच्या ते लक्षात आलं होतं.

“वहीत काय लिहिता हो?” एकदा त्याने खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकून विचारलं. त्याच्या भुवईवर हिरवा ठिपका होता.

“वैताग.”

“कोणाचा?”

“सगळ्यांचा.”

“आम्ही आहोत का त्यात?”

“तुम्ही इतके महत्त्वाचे आहात असं वाटतं तुम्हाला?”

“नाही,” तो म्हणाला. “पण माझ्याकडे रागाने बघितल्यावरच तुम्ही लिहायला घेता. शिडीवरून नीट दिसतं.”

तिचे कान तापले. तिने फळी धाडकन खाली ओढली. आत अंधारात बसून मग तिच्या लक्षात आलं की बाहेर बारा माणसं रांगेत आहेत. फळी पुन्हा वर. तो अजून तिथेच. त्याने भुवईवर बोट ठेवून विचारलं, “इथे काही लागलंय का?”

“नाही,” ती म्हणाली. मुद्दाम. आणि तो संध्याकाळपर्यंत ठिपका मिरवत हिंडला. त्या दिवशी घरी जाताना ती चक्क हसत होती. पण हे उजव्या रकान्यात लिहायचं तिला सुचलं नाही.

*

महिना होत आला. पाहणी गुरुवारी ठरली. बुधवारी साहेबांकडून मुख्य पाटीची चिठ्ठी खिडकीवर आली, पाटीवाल्याला द्यायला. हॉलच्या मधोमध लागणारी, दाराएवढी उंच पाटी. सहीशिक्क्यासकट. मजकूर? तोच. बिब्बाने तो वाचला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने चिठ्ठी वहीत खुपसली.

आता हे सांगायला हवं की त्याच वहीत, त्याच जागी, तिचं एक फाडलेलं पान होतं. आठवड्यापूर्वी एका दिवसात अडतीस माणसांनी एक्स-रे विचारला तेव्हा तिने रागाच्या भरात लिहिलं होतं की पाटीवर खरं तर काय हवं. ते साहेबांना दाखवायला ती तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेली, तीनदा परत आली. आठवी नोकरी होती. गाद्या डोळ्यांपुढे होत्या.

दुपारी पाटीवाला आला. तिने वहीतून हाताला लागले ते कागद काढले आणि कठड्यावर आपटले.

“घ्या. अजून एक देखणं खोटं.”

त्याने कागद उलगडले. वाचले. पुन्हा वाचले. इतका वेळ तो कधी वाचत नसे.

“काय झालं? अक्षर लागत नाही?”

“लागतंय…” तो हळूच म्हणाला. मग मान वर केली. “जे आहे ते सगळं रंगवू?”

“मग काय माझं डोकं रंगवणार? कागदावर असेल ते! तुमचंच तत्त्व ना?”

“माझंच आहे,” तो म्हणाला. “पण एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

आणि कागद छातीच्या खिशात ठेवून, शिट्टी वाजवत निघून गेला. पुरी शिट्टी! शेवटपर्यंत. तिला वाटलं, आज याला झालंय काय?

*

गुरुवारी सकाळी बिब्बा हॉलमध्ये शिरली आणि तिला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. कुणी धावत नव्हतं. कुणी इकडून तिकडे येऊन पुन्हा इकडे जात नव्हतं. माणसं दारातून येत, पाटीपुढे उभी राहत, वाचत, गालात हसत आणि सरळ चालू लागत.

तिने पाटीकडे पाहिलं. टपोऱ्या हिरव्या अक्षरांत, एकेक ओळ दोऱ्यात ओवल्यासारखी सरळ :

*एक्स-रे डावीकडे नाही. कितीदाही गेलात तरी नाही. तिथे झाडू ठेवतात.*
*सरळ जा. निळं दार दिसेल. तोच एक्स-रे.*
*रक्त द्यायला जिना चढू नका, उगाच दम लागेल. निळ्या दाराच्या समोरच आहे.*
*साहेबांशी काम असेल तर निळ्या दाराच्या पलीकडचं दार.*
*बाळ बघायला आला असाल तर उजवीकडे. आवाज येईलच.*
*तरीही चुकलात तर कोपऱ्यातल्या खिडकीशी या. मी रागावते, पण सांगते.*

शब्द न् शब्द बिब्बाच्या त्या फाडलेल्या पानावरचा! ती भिंत धरून खिडकीपर्यंत पोचली, फळी वर केली आणि कपाळाला हात लावून बसली. मेले! आता मेले!

नऊ वाजले. कुणी आलं नाही. साडेनऊ झाले. दहाला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले.

“बोला आजोबा, काय हवंय?”

“काही नाही. सापडलं मला सगळं.” ते कठड्यावरून वाकून तिला न्याहाळू लागले. “रागावणारी कोण ते बघायला आलो. तूच का?”

“हो.”

“दिसतेस खरी,” ते समाधानाने म्हणाले आणि गेले.

सव्वादहाला साहेबांचं बोलावणं आलं.

साहेबांच्या खोलीत विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, काटक, हातात छत्री. दर वर्षी त्या पाहणीला यायच्या आणि दर वर्षी हरवायच्या. एका वर्षी तर चादरींच्या कोठारात पोचल्या होत्या. हाच नवा वॉर्ड असं समजून त्याचं उद्घाटन करून, फीत कापून घरी गेल्या. यंदा मात्र त्या कुणाला न विचारता साहेबांच्या दारात हजर झाल्या तेव्हा साहेब आरशासमोर केसांना तेल लावत होते. तो राग त्यांच्या चेहऱ्यावर होता, तेलही होतं.

“हा काय प्रकार आहे?” साहेब गरजले. “मी दिलेला मजकूर कुठे गेला? त्या पाटीवाल्याने परस्पर हा चावटपणा केला असेल तर मी त्याला आजच…”

बिब्बाच्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर नोकरी वाचत होती.

“मजकूर माझा आहे,” ती म्हणाली. “त्यांनी कागदावर होतं तेवढंच रंगवलं. कागद मी दिला.”

“अस्सं! आणि आज खिडकीवर किती लोक आले?”

“एक. तेही मला बघायला.”

“म्हणजे आता खिडकीचीच गरज उरली नाही,” साहेब खुर्चीत मागे रेलले. “बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारलीत तुम्ही, बाई. स्वतःच्या हातांनी.”

खरं होतं. आठवी नोकरीही गेली. तिने राग यायची वाट पाहिली… राग आला नाही. मग तिच्या ध्यानात आलं, सकाळपासून तिने वही उघडलेलीच नाही. एकदासुद्धा! अन् मग ती बस आठवली, तो फॉर्म आठवला, गिरकी घेणाऱ्या बाई आठवल्या. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी चुकीच्या वाटेने निघालं होतं आणि तिला ते बघवलं नव्हतं. एवढंच तर होतं! बाकी जग ज्याकडे बघून पुढे जातं, तिथे हिचा पाय अडायचा. आणि याला ती इतकी वर्षं स्वभावाचा दोष समजत आली होती.

“खिडकी नकोच मला,” ती म्हणाली.

“देतंय कोण?”

“मला इमारत द्या.”

रेललेले साहेब खुर्चीत ताठ झाले.

“चारही मजले. सगळ्या पाट्या, सगळे फॉर्म, औषधांच्या पुड्यांवर लिहिता ते सुद्धा. मी आठवडाभर पेशंटसारखी फिरेन, जिथे चुकेन तिथे उभी राहून लिहीन. मला चुकायला फार लवकर येतं, आणि चिडायला त्याहून लवकर. दुसरं मला काही येत नाही. पण हे मला येतं.”

“असं पदच नाही आपल्याकडे!”

“कोठाराचं उद्घाटनही नव्हतं आपल्याकडे,” अध्यक्षबाई पहिल्यांदाच बोलल्या. मग छत्रीचं टोक बिब्बाकडे केलं. “सगळं असंच रागावून लिहिणार का गं तू?”

“मला तसंच येतं.”

“बरं आहे. गोड बोललेलं माझ्या लक्षात राहत नाही. किती दिवस हवेत?”

“तीन महिने.”

“दिले,” बाई म्हणाल्या, आणि उठताना साहेबांना म्हणाल्या, “तेल पुसा.”

*

पाटीवाला मागच्या अंगणात नळाखाली ब्रश धूत होता. पाऊस थांबला होता. पत्र्यावरून उरलेलं पाणी एकेक थेंब टपकत होतं. बिब्बा वही छातीशी धरून तरातरा आली. भांडायला. इतका आनंद झाला होता की तो कुणावर तरी काढल्याशिवाय सोय नव्हती.

“माझं खासगी पान रंगवलंत तुम्ही! दाराएवढं!”

“कागदावर होतं ते.”

“मोठे आलात कागदावर होतं ते! साहेबांची चिठ्ठी दिली होती ना मी?” आणि तेवढ्यात तिला त्याच्या छातीच्या खिशातून डोकावणारा शिक्का दिसला. “…ही काय! म्हणजे दोन्ही कागद होते तुमच्याकडे?”

“होते.”

“मग?”

त्याने नळ बंद केला. “एक सहीचा होता,” तो म्हणाला. “एक खरा होता.”

टप्… टप्… पत्रा बोलत होता.

“पंधरा वर्षं झाली मला या धंद्यात,” तो ब्रश झटकत म्हणाला. “दुसऱ्यांचं लिहीत आलो. आपल्याला काय करायचंय, कागदावर असेल ते… असं म्हटलं की झोप लागते. काल ती शेवटची ओळ चार वेळा वाचली. मग म्हटलं, ही पाटी मीही वाचेन. आपण रंगवलेली पाटी मी आजवर कधी वाचली नव्हती.”

“मी जर आत सांगितलं असतं की हा तुमचाच चावटपणा, तर? काम गेलं असतं तुमचं.”

“गेलं असतं. सांगितलंत का?”

“नाही.”

“का?”

“का म्हणजे… खोटं होतं ते!” ती भडकली. “आणि तुम्ही हसू नका! तुमच्यामुळे किती वैताग झालाय मला, माहितीये? लेखी आहे माझ्याकडे. महिनाभरात एकशे बारा नोंदी, त्यातल्या एक्केचाळीस तुमच्या!”

“वाचा की.”

“वाचतेच!” तिने वही उघडली. “नोंद तीन. शि. म्हणतो, हलू नका, अजून एक येतोय. नोंद अकरा. शि. अर्धी शिट्टी वाजवतो, उरलेली मला झोपू देत नाही. नोंद चौतीस. शि.ने न विचारता चहा आणून ठेवला आणि न बोलता गेला. थांबला असता तर काही बिघडलं नसतं. नोंद साठ. शि.च्या भुवईवर…” तिचा आवाज जरा उतरला. “…नोंद अठ्ठ्याऐंशी. शि. आज आलाच नाही. शिडी होती. नुसत्या शिडीकडे बघून मी काय करू…”

ती थांबली. पुढची नोंद तिला दिसत होती, पण वाचवेना.

“यात वैताग कुठाय?” त्याने अगदी हळू विचारलं.

“सगळाच वैताग आहे!”

“मग रागाव,” तो म्हणाला. “पण सांग.”

तिने चमकून वर पाहिलं. “अरे-तुरे? मला?”

“चुकलं. कागदावर नव्हतं.”

“…चुकलं नाही,” ती पुटपुटली. इतकं हळू, की त्यापेक्षा पत्रा मोठ्याने बोलला असेल. मग एकदम चिडून, “तुझ्या कानामागचा खडू दे! नाही, खडू नको. पेन्सिल आहे का? काय रे, पाटीवाला म्हणवतोस आणि साधी पेन्सिल नाही…”

होती. त्याने ती दिली. बिब्बाने वही नळाच्या कट्ट्यावर ठेवली, ‘शि.’च्या शेवटच्या नोंदीपाशी टोक टेकवलं, आणि तिथून उजवीकडच्या महिनाभर कोऱ्या राहिलेल्या रकान्याकडे एक बाण काढला. बाण इतका वाकडा आला की गोगलगाय त्याच्यावरून चालली असती तर तिला चक्कर आली असती.

तो त्या बाणाकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने वाकडा बाण सहन केला नव्हता. त्याची बोटं आपोआप पेन्सिलीकडे गेली…

बिब्बाने त्याच्या हातावर फटका मारला.

“हात लावायचा नाही. जायचं तिथेच जातोय तो.”

त्याने हात मागे घेतला नाही; फक्त पेन्सिलीचा नाद सोडला आणि तिचा हात धरला. त्याचा हात अजून ओला होता, आणि हिरवा. तिच्या बोटांना लागला तो रंग तिने पुसला नाही. चोळला तर नाहीच.